पोरांच्या घशाकडं बघा, काळीज वाचेल

पोस्ट मोठी आहे. पण घरात शाळेत जाणारं पोरगं असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्याच्या घरात आहे त्याला पाठवा.

आधी माझी स्वतःची कबुली देतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्याचा घसा धरला. ताप एकशे दोन. घास गिळताना डोळ्यांत पाणी. सर्दी नाही, खोकला नाही. रात्रीचे नऊ वाजलेले, बाहेर धो धो पाऊस. आता डॉक्टरकडं कोण जाणार, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. "पोराचा घसा आहे, वय नऊ," एवढंच सांगितलं. त्यानं मागं वळून एक अँटिबायोटिकची पट्टी काढली, कात्रीनं सहा गोळ्या कापून दिल्या. चिठ्ठी मागितली नाही, पोराचं वजन विचारलं नाही, आधी कुठल्या औषधाची रिॲक्शन आली होती का तेही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोन दिवसांत ताप उतरला. पोरगं पुन्हा गल्लीत क्रिकेट खेळायला लागलं आणि उरलेल्या गोळ्या मी फ्रिजवरच्या डब्यात टाकल्या. पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून!

बायको म्हणाली, "अहो, डोस पूर्ण करायचा असतो ना?" मी म्हटलं, "बरा झालाय की आता."

वीस वर्षं बातमीदारी करतोय. आरोग्य खात्याच्या बातम्या किती लिहिल्या त्याची मोजदाद नाही. आणि घरात ही अक्कल.

त्यानंतर महिनाभरानं वेगळ्याच एका बातमीसाठी एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. हृदयाच्या तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर एक मुलगी बसलेली. बारा-तेरा वर्षांची, शाळेचाच गणवेश घातलेला. शेजारी आई. हृदयाच्या तपासणीला म्हातारी माणसं येतात, ही पोर इथं कशी, म्हणून सहज विचारलं. आई म्हणाली, "दोन वर्सं झाली बघा. घसा लई दुखायचा हिचा. मग गुडघं सुजलं. ते उतरलं तर कोपर धरलं. आमाला वाटलं, वाढीचं वय हाय, दुखतंय. आता चार पायऱ्या चढली की धाप लागती."

पोरीच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. सुरुवात घशातून झालेली.

घरी आलो, डब्यातल्या गोळ्या फेकल्या आणि दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडं गेलो. तपासलं, सगळं ठीक निघालं. माझं नशीब. पण पोरं नशिबावर वाढवायची का, एवढाच या पोस्टचा प्रश्न आहे.

मी डॉक्टर नाही, पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस आहे. पण त्या दिवसानंतर डॉक्टरांच्या मागं लागून विचारलं, वाचलं. त्यातलं जे प्रत्येक आईबापाला माहीत पाहिजे ते साध्या भाषेत सांगतो.

पोराचा घसा दुखला की बहुतेक वेळा कारण असतं विषाणू. सर्दी, खोकला, नाक वाहणं, आवाज बसणं, डोळे लाल होणं यातलं काही सोबत असेल तर शंभरातल्या बहुतेक पोरांना विषाणूच झालेला असतो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. एक नाही, दहा गोळ्या द्या, चालत नाही. ताप उतरायला वजनाप्रमाणं पॅरासिटामॉल, कोमट पाणी, मोठं पोरगं असेल तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पातळ खाणं आणि विश्रांती. चार-पाच दिवसांत बरं होतं. आजीची हळद-दूध, जेठीमध यांनी घशाला आराम पडतो, द्या खुशाल. फक्त दोन गोष्टी नकोत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून एक दुर्मिळ पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते. आणि ताप आला म्हणून पोराला ॲस्पिरिन देऊ नका.

घसादुखीच्या साधारण पाचातल्या एका पोराला, फार तर चारातल्या एकाला मात्र स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूची लागण असते. पाच ते पंधरा वयात जास्त. याची चाल वेगळी. एकदम ताप चढतो. गिळताना सुरी फिरल्यागत होतं. टॉन्सिल लालभडक, कधी त्यावर पांढरे ठिपके. जबड्याखाली मानेत गाठी, हात लावला तरी दुखतात. आणि सर्दी-खोकला नसतो. माझ्या पोराला हेच सगळं होतं, बघा.

इथं अँटिबायोटिक लागतं. तेही महागडं नव्हे. साधं जुनं पेनिसिलिन किंवा त्याचंच भावंड ॲमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनला हा जिवाणू आजही शरण येतो. पण औषध दहा दिवस घ्यायचं. ताप दोन दिवसांत उतरतो, जिवाणू घशात तसाच बसलेला असतो. आपण पोरगं खेळायला लागलं की औषध बंद करतो. दहा दिवस जमणार नसतील तर पेनिसिलिनचं लांब पल्ल्याचं एकच इंजेक्शन पुरतं, हे डॉक्टर ठरवतात.

दहा दिवस का? कारण अर्धवट मारलेला हा जिवाणू काही पोरांमध्ये फार विचित्र खेळ करतो. शरीर त्याच्याशी लढायला जी फौज तयार करतं, तीच फौज दोन-तीन आठवड्यांनी आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालून जाते. हा संधिवाताचा ताप, डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. वैद्यकीच्या पोरांना जुनी शिकवण असते की हा आजार सांधे नुसते चाटतो, पण हृदयाला चावतो. सांध्यांची सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते आणि निघून जाते, म्हणून आईबाप निर्धास्त होतात. काही पोरांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे उडतात, अक्षर बिघडतं, हातातून ताट पडतं, आणि आपण त्याला धांदरट म्हणून रागावतो. तोवर आत झडपेला चट्टे पडलेले असतात.

घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी हे टळतं. म्हणजे आपल्याकडं वेळ असतो. ही माहिती काही नवीन नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या हवाई दलाच्या एका तळावर, सैनिकांच्या गर्दीच्या बराकींमध्ये घशाची साथ असताना डॉक्टरांनी हे सिद्ध केलं. पेनिसिलिन दिलेल्या पोरांना पुढचा ताप जवळजवळ आलाच नाही. सत्तर वर्षांहून जास्त झाली याला. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास गेला. जगात आज चार कोटींहून जास्त माणसं घशातून आलेलं हे हृदयाचं दुखणं घेऊन जगतात, वर्षाला तीन लाखांहून जास्त मरतात, आणि त्यातले बहुतेक आपल्यासारख्या देशांतले. २०१८ साली जागतिक आरोग्य परिषदेनं यावर ठरावही केला.

हे गरिबाचं दुखणं आहे. एका खोलीत सहा-सात माणसं झोपली की एकाच्या घशातला जिवाणू दुसऱ्याच्या घशात जातो. वसतिगृह, आश्रमशाळा, ऊसतोड मजुरांच्या कोप्या, महापुरात उभी राहणारी निवारा शिबिरं. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना शाळेच्या एका वर्गात किती कुटुंबं झोपतात ते सांगायला नको. तिथं आपण जुलाबाची औषधं नेतो, चांगलं करतो. घसा बघणारा कुणी नेतो का?

आता दुसरा आजार, ज्याचं नाव आपण विसरत चाललोय. घटसर्प.

आज्या-पणज्यांना हे नाव उच्चारलं तरी कापरं भरायचं. घशात करड्या रंगाचा चामड्यासारखा पडदा धरतो. खरवडायला गेलं तर रक्त येतं. मान बैलासारखी सुजते. श्वास कोंडतो, आणि कोंडला नाही तरी त्याचं विष हृदयावर जातं. या विषावर प्राण्यांच्या रक्तातून तयार केलेला उतारा शोधला म्हणून एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी जगाला याच्यावर इलाज माहीत झाला. लसही आली.

तरी २०१८ साली जगभरात घटसर्पाच्या ज्या सोळा हजारांवर केसेस नोंदल्या गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या भारतातल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत एका रुग्णालयात वीसहून जास्त पोरं दगावली. उताऱ्याचं औषध वेळेला हाताशी नव्हतं आणि बहुतेक पोरांचं लसीकरण झालेलं नव्हतं. आणि जगात सगळ्यात जास्त लसी बनवणारा कारखाना कुठं आहे? पुण्यात. आपल्या इथून सकाळी एसटीत बसलं की दुपारी पोचतो तिथं.

गडबड कुठं होते ते सांगतो. तान्ह्या बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लस मिळते. आशाताई घरी येतात, अंगणवाडीताई आठवण करतात, आई कडेवर घेऊन जाते. दीड वर्षाचा डोसही बऱ्यापैकी होतो. पण पुढं? पाच ते सहा वर्षांचा बूस्टर, मग दहा आणि सोळा वर्षांचा टीडी. इथं गळती होते. पोरगं शाळेत जायला लागलं की लसीचं कार्ड कपाटात कपड्यांच्या खाली जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एक ते दोन वर्षांच्या पोरांचं पूर्ण लसीकरण सुमारे ७३ टक्के. म्हणजे तान्हेपणीच चारातलं एक पोरगं कुठं ना कुठं चुकतं. पाचव्या वर्षाचा बूस्टर या आकड्यात धरलेलाही नाही. आणि घटसर्पाच्या लसीची ताकद वर्षांमागं उतरते, म्हणून तर बूस्टर.

यात सगळ्यात वाईट अवस्था ऊसतोड मजुरांच्या पोरांची. बीडकडून, मराठवाड्यातून गाड्या येतात आणि शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीरच्या फडांवर पाच-सहा महिने कोप्या पडतात. पोराचा डोस गावाकडं देय असतो तेव्हा पोरगं इथं, आणि इथल्या नर्सबाईंच्या यादीत त्याचं नाव नाही. आपल्या साखरेचा विक्रमी उतारा आपण पहिल्या पानावर छापतो. तो उतारा ज्यांच्या हातानं निघतो, त्यांच्या पोरांच्या लसीचा आकडा मी माझ्या वीस वर्षांत एकदाही छापलेला नाही. हे माझ्यावर घेतो.

तोंडातल्या दुखण्यांबद्दलही चार ओळी, कारण तिथंही औषधांचा नुसता मारा चाललेला असतो. पावसाळ्यात बालवाडीतल्या पोरांच्या तोंडात फोड, तळहात-तळपायावर पुरळ येतात. हा हात-पाय-तोंडाचा आजार, विषाणूचा. २०२२ मध्ये केरळात दिसला तेव्हा टीव्हीवाल्यांनी 'टोमॅटो फ्लू' म्हणून केवढा गोंधळ घातला होता. आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. अँटिबायोटिक नको. गार दूध, ताक, पेज द्या, पाणी कमी पडू देऊ नका, पोरगं घरी ठेवा. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर येतो, पुसला तरी निघत नाही. ती बुरशी. डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी जाते. घरातली जुनी बोरॅक्स-ग्लिसरीनची बाटली बाळाच्या तोंडात अजिबात लावू नका, बोरॅक्स बाळाच्या पोटात जाणं घातक आहे. आणि पडजीभ पडली म्हणून राखेचं बोट घशात घालून ती उचलणाऱ्या बायका अजून काही गावांत आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही, दवाखाना लांब होता म्हणून त्या होत्या. पण आता नको. सुजलेल्या घशात बोट घातलं की सूज वाढते आणि श्वास अडकू शकतो.

हे दिसलं तर मात्र घरी बसू नका, रात्र असो की पाऊस: पोराला स्वतःची लाळ गिळता येत नाही, लाळ गळतेय. श्वास घेताना आवाज येतोय. तोंड उघडत नाही. मान सुजलीय. घशात करडा पडदा दिसतोय. सात-आठ तासांत लघवी झालेली नाही. आणि घसादुखीनंतर महिनाभरात सांधे सुजले, धाप लागली, हातपाय उडायला लागले तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, "साहेब, मागं घसा दुखला होता." हे एक वाक्य पोराचं आयुष्य बदलू शकतं.

आता दोष कुणाचा?

मेडिकलवाल्याचा आहेच. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकायचं नाही हा कायदा आहे. पट्टीवर लाल रेघ त्याचसाठी असते. काही अँटिबायोटिकसाठी तर २०१४ पासून वेगळी वही ठेवायची सक्ती आहे, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या. केरळनं २०२४ मध्ये छापे टाकून ही विक्री आवळली. तिथं जमतं, मग महाराष्ट्रात का नाही?

काही डॉक्टरांचाही आहे. सर्दी-घशाला पहिल्याच दिवशी भारी अँटिबायोटिक, सोबत एक सुई, सोबत खोकल्याचं बाटलीभर औषध. चार वर्षांच्या आतल्या पोरांना सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणाची औषधं देऊ नका असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात बजावलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी कफ सिरपनं पोरं गेली, ते आपण सगळ्यांनी वाचलं. पण डॉक्टर म्हणतात तेही ऐका. "औषध लागत नाही, चार दिवस थांबा" असं सांगितलं की पेशंट दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दवाखान्यात. आपल्याला सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही, हे खरं आहे का नाही?

आणि आमचा, पत्रकारांचा आहे. पेनिसिलिनच्या इंजेक्शनला बरेच डॉक्टर आज हात लावत नाहीत. त्याची गंभीर रिॲक्शन अगदी क्वचित येते, आणि तयारी असेल तर सावरता येते. पण आली तर दवाखाना फुटतो, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चौकशीआधीच मथळा देतो, 'इंजेक्शन दिल्याने बालकाचा मृत्यू'. त्या एका मथळ्यानं तालुक्यातले दहा डॉक्टर हात आखडता घेतात. आणि ज्या पोरीला दर एकवीस दिवसांनी हेच इंजेक्शन वर्षानुवर्षं लागतं, ती वणवण फिरते. युगांडात आठशेवर मुलांवर झालेल्या अभ्यासात, झडपेला नुकतीच सुरुवात झालेल्या पोरांना हे इंजेक्शन नियमानं दिलं तर दोन वर्षांत शंभरातल्या एकाचंही दुखणं धड वाढलं नाही. ज्यांना दिलं नाही त्यांच्यात शंभरात आठांचं वाढलं. स्वस्त औषध आहे. त्यात नफा नाही, म्हणूनच ते कधीही बाजारातून गायब होतं.

शस्त्रक्रियेला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, ती चांगलीच आहे, तिचे फोटोही छापून येतात. पण लाखाची झडप फुकट बसवणारं सरकार घशाचं दहा दिवसांचं औषध त्या पोरीपर्यंत वेळेत पोचवू शकलं नाही, हा हिशोब कुणी मांडायचा?

म्हणून जिल्हा परिषद, महापालिका आणि आरोग्य खात्याकडं चार साध्या मागण्या. एक, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात घशाची तपासणी, म्हणजे स्वॅबची सोय आणि प्रत्येक प्राथमिक केंद्रात पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि रिॲक्शन सावरायचं औषध, दोन्ही कायम. दोन, पहिलीच्या प्रवेशाला जन्मदाखल्याबरोबर लसीचं कार्ड बघा. प्रवेश अडवू नका, फक्त राहिलेला डोस त्याच आठवड्यात द्या. पाचवीत आणि दहावीत पुन्हा. तीन, गाळप सुरू झालं की पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक कारखान्याच्या तळावर लसीकरणाचा कॅम्प, आणि ती जबाबदारी कारखान्यावरही. चार, शाळा तपासणारी जी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत, त्यांच्या यादीत संधिवाताच्या तापाचं हृदय आहेच. मग हृदयाला स्टेथोस्कोप नीट, शांत खोलीत लावायला त्यांना वेळ द्या. दिवसाला किती पोरं तपासली याचं टार्गेट कमी करा.

राजर्षी शाहूंनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेत आलं पाहिजे हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ठरवून टाकलं. शाळेत आलेलं पोरगं जिना चढताना धापत असेल, तर ते कुणीतरी बघायचं एवढं तरी आपण ठरवू.

ती बाकावरची पोर पुन्हा भेटली नाही. निघताना मी तिला विचारलं होतं, शाळेत काय आवडतं? म्हणाली, "खो-खो. पण आता सर घेत नाहीत."

आज रात्री घरी गेल्यावर दोन कामं करा. कपाटातलं लसीचं कार्ड काढून पाचव्या वर्षाचा रकाना भरलाय का बघा. आणि फ्रिजवरच्या डब्यात उरलेल्या गोळ्या असतील तर टाकून द्या. मी टाकल्या.